झाडावाचून सावली

१

कारंज्याच्या उजव्या हाताला काहीच नव्हतं, तरी तिथे सावली पडली होती.

चांगली झाडाएवढी सावली होती. खोड, दोन फांद्या, पानांची गर्दी, सगळं तिच्यात दिसत होतं. वारा सुटल्यासारखी ती हळूहळू हलतही होती. इंदुताई करकरेंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा चढवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची बाग होती तशीच राहिली. विटांच्या कडेचे वाफे, कोरडं कारंजं, चार खांबांचा मांडव, इकडे कण्हेर, तिकडे चाफा, आणि मधोमध ही बिनझाडाची सावली.

"पारिजात आहे तो," शेजारी बसलेली त्यांची मैत्रीण वनमाला अगदी सहज म्हणाली. "सावलीवरून कळतंय नं? अजून लावून व्हायचाय. ते सावकाश करतात गं सगळं, तुला ठाऊकच आहे."

'ते' म्हणजे भालचंद्र मोघे, वनमालेचे यजमान. दिवाळीनंतर एका दुपारी ते याच खोलीत, याच टेबलावर डोकं टेकून गेले होते.

इंदुताईंनी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. भुताखेतांचा विषय निघाला की त्या समोरच्याची मनसोक्त खिल्ली उडवत. आत्ता मात्र त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तो आला याचाच त्यांना राग आला.

दर्पण कॉलनीतला हा स्टुडिओ दौलतसिंह कदमांचा. खाली औषधांचं दुकान, वर दोन खोल्या. घरं बांधायच्या आधी ती कशी दिसतील याची चित्रं इथे तयार होत, नुसती सपाट नव्हेत, तर आत शिरून फिरता येईल अशी. या खेपेचं काम मोठं होतं. दाल बाजारामागे एका सरदारांची बाग होती, ती केव्हाच गोदामांखाली गाडली गेली. जुन्या फोटोंवरून ती पुन्हा उभी करायची, म्हणजे संग्रहालयात आलेल्या माणसाने डोळ्यांवर चष्मा चढवावा आणि त्या बागेत हिंडून यावं. झाडं करायची होती भालचंद्रांनी. ते खरीखुरी पानं गोळा करायचे, दोन्ही बाजूंनी त्यांचे फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरातल्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांवर चिकटवायचे आणि पट्टी पट्टी जोडून फांदी भरायचे. किडीने खाल्लेलं पानसुद्धा टाकायचे नाहीत. अशी वर्षानुवर्षं जमवलेली झाडं एका डिस्कमध्ये होती. ते गेले त्या दिवशीच्या धावपळीत ती डिस्क नाहीशी झाली. बाग बोडकी राहिली.

आणि मग पौषापासून झाडं आपोआप येऊ लागली. आधी तुळस, मग कण्हेर, मग चाफा. प्रत्येक पान भालचंद्रांचं, किडीच्या भोकासकट. लावलं कुणी, हे कुणीच कबूल करेना.

"वनमाले, जेवलीस का तू?" इंदुताईंनी विषय बदलला.

"नाही. आता काय करायचंय?"

"आणि रक्तदाबाच्या गोळ्या?"

वनमाला हसली. तिचा चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळं दिसत होतं, पण हसू मात्र लग्नाच्या मुलीसारखं होतं. "त्या केव्हाच सोडल्या. अगं, ते म्हणाले होते मला, बाग पुरी झाली की तुला घेऊन जाईन. आता पारिजात झाला, मांडवावरचा वेल झाला, की एक बकूळ तेवढी राहते. मग मी निघाले."

२

भालचंद्र काय अर्थाने म्हणाले असतील ते इंदुताईंना पक्कं माहीत होतं. वनमालेचं लहानपण त्या बागेशेजारी गेलं होतं. बाग तयार झाली की तिच्या डोळ्यांवर तो चष्मा चढवायचा आणि तिला फिरवून आणायचं, एवढंच त्या साध्या माणसाच्या मनात असणार. पण हे वनमालेला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली असती, मग झाडं कोण लावतंय ते सांग.

तेच शोधायला हवं होतं, आणि बकूळ लागायच्या आत.

"ताई, मला कशाला विचारता?" दौलतसिंहांनी हात वर केले. मिशा भरघोस, आवाज फौजी, पण माणूस कामाच्या काळजीने खंगला होता. "भूत असेल तर असू द्या. कुणाच्या केसाला धक्का लावत नाही, गुपचूप झाडं लावून राहिलंय. बागेत झाड नसेल तर माझं नाव बदनाम होईल. मी तर अगरबत्ती लावतो रोज."

"म्हणजे झाडं आल्याने फायदा तुमचा."

"आहे नं! पण मला ते करता आलं असतं तर भालचंद्ररावांची इतकी मनधरणी केली असती का? मला साधी फाइल उघडताना मुलांना हाक मारावी लागते."

"मुलं म्हणजे कोण कोण?"

"दोघंच. सोनिका आणि केदार. सोनिका नव्या प्रोग्रॅमवर बाग जुळवते. केदार म्हणजे भालचंद्ररावांचा पुतण्या, तुम्ही तर ओळखता. तो काकांच्या हाताखाली जुन्या प्रोग्रॅमवर शिकला. तोही चाललाय आता. हैदराबादच्या कंपनीने बोलावलंय त्याला. तिथे तर म्हणे सगळं नव्याच प्रोग्रॅमवर चालतं." दौलतसिंहांनी उसासा टाकला. "पोरगं हुशार आहे. जाईलच."

"कॉम्प्युटरला कुलूप वगैरे?"

"पासवर्ड आहे की. सगळ्यांना माहीत आहे."

इंदुताईंनी कपाळाला हात लावला.

सोनिका भोइटे टेबलाशी डबा उघडून बसली होती, पण खात नव्हती. पडद्यावरच्या सावलीकडे ती पाठ करून बसली होती.

"भीती वाटते?"

"मॅम, सच बताऊं? वाटते. झाडं येतात त्याची नाही इतकी. काकू इथे येऊन बसतात, त्या स्क्रीनशी बोलतात, ते बघवत नाही." तिने आवाज खाली आणला. "बाकी ये शॅडो वाला तो सिंपल है. एखादं झाड लपवायचं असेल तर इथे दोन बटणं आहेत. एकाने झाड दिसेनासं होतं, दुसऱ्याने सावली जाते. किसीने पहला दबाया, दूसरा भूल गया. झाड आहे तिथेच, फक्त दिसत नाही."

इंदुताई सावरून बसल्या. भुताला झाड लपवायची गरज काय? कुणीतरी झाड लावत होतं, जिन्यावर पाय वाजले, आणि घाईत त्याने ते दडवलं.

"तू विसरशील असं?"

"मैं? दिवसभर तेच तर करते मी."

"मग कोण विसरेल?"

"ज्याला पुराने वाले की आदत असेल. त्याच्यात एकच बटण असतं. दाबलं की झाड पण गेलं, सावली पण गेली."

"आणि त्या जुन्यावर इथे कोण काम करायचं?"

सोनिकाने भालचंद्रांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

३

केदार गॅलरीत उभा होता. बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची घरं दिसत नव्हती. लहानपणी आईवडील गेल्यावर काका-काकूंनीच त्याला वाढवलं. इंदुताईंना तो अर्ध्या चड्डीतला, आत्या आत्या करत मागे लागणारा आठवत होता. आता दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"आत्या, काकूला समजवा नं. ती काही खातच नाही. मी थाळी वाढून देतो, तशीच ठेवते."

"ती म्हणते तुझे काका झाडं लावताहेत."

"मग म्हणू दे. झाड आलं की हसते तरी. त्याच्या आधी तर महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडली होती."

"तुला काय वाटतं, कोण लावतं?"

"काय माहीत." त्याने कठड्यावरचं दव बोटाने पुसलं. "मला विचाराल तर सोनिका. नवा प्रोग्रॅम तिलाच येतो. मला त्यातलं कुछ नहीं आता. मी जुन्याचाच माणूस."

"ते गेले तेव्हा तू कुठे होतास?"

"पडावच्या चौकात. चहा प्यायला." हे उत्तर त्याने फार लवकर दिलं. "परत आलो तर… तुम्हाला माहीत आहे."

इंदुताई पुढे काही विचारणार, तोच दौलतसिंह जेवायला घरी निघाले. सोनिका खाली औषधांच्या दुकानात गेली. केदारही मफलर गुंडाळून बाहेर पडला. इंदुताईंनी वनमालेला बळेच मागच्या खोलीत नेलं, दोन घास भरवायचा प्रयत्न केला, आणि तिने नेहमीसारखी मान फिरवली. ताटातला भात गार झाल्यावर दोघी परत आल्या.

वनमाला दारातच थबकली. मग तिने हात जोडले.

सावलीच्या जागी पारिजात उभा होता. आणि पलीकडे, मघापर्यंत उघड्या असलेल्या मांडवाच्या खांबांवर, गणेशवेल चढला होता. दोऱ्यासारखी बारीक हिरवी पानं, लालभडक चांदणीसारखी फुलं. खांबाला विळखे घालत तो थेट वरपर्यंत गेला होता.

"राहिली ती फक्त बकूळ," वनमाला कुजबुजली.

४

इंदुताई त्या वेलाकडे बराच वेळ बघत राहिल्या. वेल सुरेख होता. पण बघताना त्यांना कसंतरी होत होतं, ओळखीच्या माणसाने डाव्या हाताने जेवायला बसावं तसं. पान ठीक होतं, फूल ठीक होतं. मग काय खटकतंय?

त्या संध्याकाळी वनमालेला घरी सोडायला गेल्या तेव्हा त्यांना ते कळलं.

मोघ्यांच्या गॅलरीत सुतळ्या ताणलेल्या होत्या. पावसाळ्यात भालचंद्रांनी त्यांवर गणेशवेल चढवला होता. आता तो वाळून तपकिरी झाला होता, तरी सुतळीला घट्ट धरून होता. इंदुताईंनी एका विळख्यावरून बोट फिरवलं. समोरून बघितलं की डावीकडून उजवीकडे तो वर जात होता. दुसरा विळखाही तसाच होता. सगळेच तसे होते.

अर्थात! गणेशवेल कुठेही लावा, सावलीत लावा, उन्हात लावा, तो चढणार या एकाच वळणाने. त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर हेच काढून दाखवलं होतं. आणि पडद्यावरचा वेल उजवीकडून डावीकडे चढला होता.

त्यांनी घरी जाऊन कपाटातला पेनड्राइव्ह काढला. वर्गात दाखवायला म्हणून भालचंद्रांनी त्यांना दोन वेल करून दिले होते, एक गणेशवेल आणि एक गारवेल, एकाच कुळातले. भाच्याने लॅपटॉपवर गणेशवेल उघडून दिला. तोच वेल होता. तिसऱ्या विळख्याजवळचं तुटकं पान तेच, खालच्या बाजूला एकमेकांना चिकटलेल्या दोन कळ्या त्याच. फक्त हा सरळ चढलेला होता. स्टुडिओतला म्हणजे याचंच आरशातलं रूप.

इंदुताई पलंगावर बसल्या. त्यांना एकदम मोकळं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. भालचंद्र एका पानाच्या शिरेसाठी तीनतीन दिवस घालवायचे. तो माणूस मेल्यावरसुद्धा असा वेल चढवणार नाही.

म्हणजे भूत नव्हतं. आणि हे आता वनमालेला सांगायचं होतं.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेनड्राइव्ह स्टुडिओतल्या टेबलावर ठेवला.

"एक काम करा माझं. यात भालचंद्रांचा गारवेल आहे, त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममधला. मला तो नव्या प्रोग्रॅममध्ये हवाय, शाळेतल्या मुलांना दाखवायला. तिघांनी एकेकदा करून बघा. ज्याचा चांगला येईल तो मी घेईन."

"मला कशाला यात ओढता?" दौलतसिंह हसले.

"आत्या, मला नवा येत नाही, सांगितलं नं," केदार म्हणाला.

"जमेल तसं कर. काकूला बघायचंय." वनमाला खरोखरच टेबलाशी येऊन बसली होती. केदारला नाही म्हणता येईना.

दौलतसिंहांनी दोनदा चुकीचं काहीतरी दाबलं, तिसऱ्यांदा पडदाच काळा झाला, आणि ते शहाण्यासारखे उठले.

सोनिका बसली. वेल आला तो भयंकर दिसत होता. पानांच्या जागी काळे चौकोन लटकत होते, झाडाला कुणीतरी पत्ते टांगल्यासारखे. वनमालेने डोळे मिटून घेतले. "कुछ नहीं काकू, असं होतंच," सोनिका म्हणाली. "मॉडेल आलं, पण पानाभोवतीचा रिकामा भाग पारदर्शक करायचा राहतो. इकडे आणताना ते तुटतं. पुन्हा जोडावं लागतं." तिने ते जोडलं. चौकोन विरले, पानं उमटली. वेल काठीवर डावीकडून उजवीकडे चढला होता.

मग केदार बसला. त्याने आधी मुद्दाम दोन-तीन ठिकाणी चाचपडल्यासारखं केलं. वेल आला तो आडवा आणि पाठमोरा होता. काळे चौकोन त्यालाही दिसले, आणि ते त्याने न अडखळता घालवले. वेल उभा केला. एका रकान्यात आकड्याच्या आधी उणे चिन्ह मारलं. पाठमोरा वेल पटकन समोर तोंड करून उभा राहिला. हे सगळं त्याचा हात सवयीने करत होता. काम करताना माणूस हाताला खोटं बोलायला शिकवू शकत नाही.

"झालं, आत्या."

वेल काठीवर उजवीकडून डावीकडे चढला होता.

६

इंदुताईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुतळी काढली. तिच्यावर मोघ्यांच्या गॅलरीतला वाळका गणेशवेल तसाच होता. ती त्यांनी वनमालेच्या हातात दिली.

"बोट फिरव यावरून. कुणीकडून कुणीकडे जातो?"

वनमालेने बोट फिरवलं. "असा. डावीकडून."

"आता हा मांडवावरचा बघ."

वनमाला पडद्याजवळ गेली. खांबावरच्या प्रत्येक विळख्याला तिने बोट लावलं. "उलटा आहे," ती म्हणाली. मग आणखी हळू म्हणाली, "यांनी असा चढवला नसता."

"नाही चढवला." इंदुताईंनी सोनिकाकडे पाहिलं. "तुझा सरळ आला आणि केदारचा उलटा, हे का?"

सोनिका गोंधळली, मग झुकून पाहू लागली. "दोन्ही प्रोग्रॅमचं डावं-उजवं वेगळं असतं, मॅम. नीट करायचं तर पाठवतानाच एक खूण करावी लागते. शॉर्टकट म्हणजे माइनस. झाड सामने आ जाता है, पर आरशासारखं पलटतं. कुंडी, खांब, पारिजात, कशातच समजत नाही. मला पण नसतं समजलं. वेल कुठून कसा चढतो, कोण बघतं?"

"मोघे बघायचे," इंदुताई म्हणाल्या. "हा वेल त्यांचा आहे. पण इथे ज्याने आणला त्याला हे उणे मारायची सवय आहे, आणि झाड लपवलं की सावलीही जाते अशी जुन्या प्रोग्रॅमची सवय आहे. सोनिका ती सावली विसरणार नाही. दौलतसिंहांना फाइल उघडत नाही. राहिलास तू, केदार. तुला नवा प्रोग्रॅम येत नाही म्हणालास. मग ज्या कंपनीत सगळं नव्यावरच चालतं, तिने तुला बोलावलं कशाच्या जोरावर? तू काय दाखवलंस त्यांना?"

केदारने वनमालेकडे पाहिलं, आणि जे बोलला ते तिलाच बोलला.

"काकांची झाडं दाखवली. माझी म्हणून. सगळी नव्या प्रोग्रॅममध्ये आणली, खाली माझं नाव टाकलं. इथे राहून आयुष्यभर पानंच चिकटवायची का, असं वाटायचं मला. त्या दिवशी काकांनी ती चित्रं बघितली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. काहीच बोलले नाहीत. नुसते खुर्चीवर बसले."

"मग?" वनमाला म्हणाली.

"मीच ओरडलो. आणि निघून गेलो, पडावला. परत आलो तर ते…" त्याने टेबलाकडे बोट केलं. "डिस्कमध्ये मूळ झाडं होती, कधी केली ते सगळं होतं. कुणीही पडताळलं असतं तर कळलं असतं. ती मी स्वर्णरेखा नदीत टाकली. उरल्या त्या माझ्याकडच्या उलट्या नकला. मग तू रडत होतीस, काकू, रिकाम्या बागेपुढे बसून. मी एक तुळस लावली. तू हसलीस. मला थांबताच आलं नाही. बकूळही तयार आहे. उद्या लावणार होतो."

"आणि बकूळ लागली की ती मरायला मोकळी होणार होती," इंदुताई म्हणाल्या. "गोळ्या सोडल्यात तिने. काका न्यायला येणार म्हणून वाट बघतेय."

केदार काकूकडे नुसता बघत राहिला. त्याला हे खरंच माहीत नव्हतं. तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वनमाला मात्र रडली नाही. तिने सुतळी नीट गुंडाळली, वर्तमानपत्रात ठेवली आणि विचारलं, "तू निघालास तेव्हा त्यांनी काही मागितलं होतं का?"

केदारने तोंडावरचे हात काढले.

"मी विचारतेय तुला."

"पाणी," तो म्हणाला.

"दिलंस?"

खाली औषधांच्या दुकानात कुणीतरी शटर ओढलं. दौलतसिंहांनी मान वळवली. उत्तराची गरज राहिली नाही.

"काकू, मी आत्ता सगळं सरळ करतो," केदार घाईघाईने उठला. "एका मिनिटाचं काम आहे. उणे काढलं की झालं. सगळी झाडं त्यांची होतील."

"हात लावू नकोस," वनमाला म्हणाली. "त्या हैदराबादवाल्यांना आधी कळव कुणाची आहेत ती. मग सोनिका करेल सरळ. आणि तू तुझं सामान आजच्या आज घरातून काढ."

७

माणसांनी भरलेल्या टेम्पोत दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. धुक्यात समोरचे दिवे पिवळट दिसत होते. इंदुताईंनी खालच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणि पाण्याची बाटली घेतली होती. त्यांनी एक गोळी काढून वनमालेच्या तळहातावर ठेवली. आपण बरोबर केलं की नाही, हे त्यांना अजून कळत नव्हतं.

वनमालेने पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. बराच वेळ ती नुसती हातात धरून बसली. मग गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याली.

"केलंस ते बरं केलंस तू," ती म्हणाली. "आता मी मरत नाही. भात पण खाईन घरी गेल्यावर."

"मी करते गरम."

"इंदू, सगळे म्हणतात ते दिवाळीनंतर गेले. मला नव्हतं गं तसं वाटलं. मी रोज दुपारी त्यांच्याकडे जात होते. भांडत होते, चाफा फार वर लावलात म्हणून." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ती टेम्पोतल्या सगळ्या परक्या माणसांदेखत मोठ्याने रडू लागली. "आज गेले गं ते. माझे यजमान आज गेले."

इंदुताईंनी तिला जवळ घेतलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि टेम्पो हळू केला.